वास येईपर्यंत

गॅस बंद करायच्या लाल दांडीवर कोणीतरी मोजे वाळत घातले होते. राखाडी रंगाचे, अंगठ्यापाशी भोक पडलेले, पाणी गळणारे मोजे. ज्या कारखान्यात रोज ढिगांनी कपडे वाळतात, त्या कारखान्यात या माणसाला मोजे वाळवायला अख्ख्या इमारतीत ही एकच दांडी सापडली! सुरक्षा अधिकाऱ्याने ते दोन बोटांत धरले आणि धुलाईतून, वाळवणीतून, इस्त्रीच्या हॉलमधून मिरवत नेले. "कोणाचे आहेत? या पुढे! मी घालतो पायात, माझ्या हाताने घालतो!" कोणी पुढे आलं नाही. इस्त्रीवाल्या बायका तोंड फिरवून हसत होत्या. मोजे शेवटी त्याच्याच टेबलावर राहिले आणि तिथेच वाळले.

या अधिकाऱ्याला कारखान्यात भोंगा म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की भोंगा. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचाही त्याला राग येई. पण राग कशाचा येत नसे? कारखाना म्हणजे एक मोठी लाँड्री. इस्पितळांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल गाड्या भरभरून येत नि गाड्या भरभरून जात. पुढे धुलाई, मधे वाळवणीची खोली, तिथे भिंतीला लागून ड्रायरची रांग, आणि पलीकडे इस्त्रीचा हॉल. कपडे वाळताना त्यांतून कापसाची बारीक लव उडते. ती यंत्रांवर बसते, दिव्यांवर बसते, तुळयांवर बसते, आणि एका ठिणगीत भुर्रकन पेटते. भोंगा रोज कुठल्यातरी यंत्रावरून बोट फिरवी आणि ते बोट समोरच्याच्या नाकापुढे धरी.

"हे काय आहे?"

"लव आहे, साहेब."

"आणि हिला काडी लावली तर?"

"पेटेल, साहेब."

"मग झाडा ना!"

"झाडतो की, साहेब."

दुसऱ्या दिवशी लव तिथेच, आणि साहेबांचं बोटही तिथेच.

वाळवणीची खोली आणि इस्त्रीचा हॉल यांच्यामधे एक जाड लोखंडी दार होतं. एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून ते आपोआप मिटे. आपोआप मिटतं म्हणजे ढकलगाडी नेताना दर वेळी उघडावं लागतं, आणि एवढे कष्ट घ्यायला लोक काय वेडे आहेत? त्यांनी दारात साबणाचा भरलेला डबा लावून टाकला. भोंगा येई, डब्याला लाथ मारी, दार धाडकन मिटे. भोंगा वळला की डबा पुन्हा दारात. हा खेळ इतकी वर्षं चालला होता की डब्याला एका बाजूने पोचे आले होते आणि भोंग्याच्या उजव्या पायाचा अंगठा कायमचा दुखरा झाला होता.

आता खरं सांगायचं तर यात थोडी चूक त्याचीही होती. ड्रायरमागे कोणी सिगारेट शिलगावली तर तो जेवढा ओरडे, तेवढाच तो स्टोअरमधे कोणी चहाची किटली लावली तरी ओरडे. आवाजाला आणखी वर जायला त्याने जागाच ठेवली नव्हती. लोकांनी मग त्या सगळ्या ओरडण्याचा एकच हिशेब करून टाकला, या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं. मधूनमधून तो सगळ्यांना कामावरून उठवून मागच्या अंगणात कवायतीला काढी. इस्त्रीवाल्या बायकांची म्होरकी होती, तिला सगळे आक्का म्हणत. ती त्याला विचारी, "साहेब, आज आग कुठल्या बाजूला लागलीय तेवढं सांगा. म्हणजे आम्हाला सावलीची बाजू धरून उभं राहता येईल." बायका खो खो हसत. भोंगा दातओठ खाई आणि पुन्हा ओरडे.

घरी मात्र हा भोंगा एका माणसापुरता बंद असे. तो माणूस म्हणजे त्याचा जावई.

जावई पाइप जोडणारा कंत्राटदार होता. लेकीने स्वतः पसंत केलेला, हसतमुख, हाताचा कसबी. त्याने जोडलेल्या सांध्यातून थेंब गळत नाही असं लोक म्हणत. लग्नानंतर भोंगा पहिल्यांदा लेकीच्या घरी गेला, पाणी प्याला, आणि तडक स्वयंपाकघरात शिरला. शेगडी पुढे ओढली, मागची रबरी नळी बघितली आणि तिथल्या तिथे सुरू झाला. "ही नळी? भेगा पडलेली? माझ्या मुलीच्या घरात? आणि म्हणे फिटर!" हे सगळं जावयाच्या आईसमोर. विहीणबाईंना ते असं लागलं की पुढे कित्येक महिने येणं-जाणं बंद. लेक मधल्यामधे रडून रडून हैराण. शेवटी भोंग्याच्या बायकोने हातापाया पडून सगळं सावरलं आणि मग नवऱ्याला समोर बसवलं.

"यापुढे जावयाच्या कामात तोंड घालायचं नाही. एक अक्षर नाही. तो माझ्या मुलीचा संसार आहे, तुमची लाँड्री नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

भोंग्याने शपथ घेतली आणि पाळलीही. जावई घरी आला की तो गुडघ्यांमधे हात धरून बसे आणि विचारी, "काय जावईबापू, ऊन काय म्हणतंय?" आवाज इतका मऊ की शेजाऱ्यांना वाटे, यांच्याकडे कोणी नवीन पाहुणा आलाय.

आणि नेमकं अशात लाँड्रीने सिलिंडर काढून टाकून पाइपलाइनचा गॅस घ्यायचं ठरवलं. ड्रायरपर्यंत नवी लाइन टाकायची होती. मॅनेजरने ते काम कोणाला द्यावं? जावयाला! वर भोंग्याला बोलावून हसत सांगितलं, "घरचाच माणूस आहे, तुम्हालाही बरं." भोंग्याने कपाळाला हात लावला. सासरा बघतोय म्हणून मॅनेजर काही बघेना, आणि जावयाने केलंय म्हणून सासरा काही बोलेना. असं ते काम सुरू झालं.

काम तसं देखणं होत होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. भिंतीवरून सरळ रेषेत गेलेला पाइप, एकेक सांधा घासून पुसून बसवलेला, वर पिवळा रंग. हवेचा दाब देऊन लाइन तपासली तेव्हा काटा तसूभर हलला नाही. कोणी बघत नाही असं पाहून भोंगा एकदा त्या सांध्यांवरून हात फिरवून आला. त्याला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला याचाही राग आला.

राहिलं होतं शेवटचं एक काम. नव्या पाइपमधे हवा भरलेली असते. गॅस आत सोडून ती हवा दुसऱ्या टोकाने हाकलावी लागते. हवेमागून गॅसही त्या टोकाने बाहेर पडतो, म्हणून ते टोक नळी लावून इमारतीबाहेर, छताच्याही वर न्यायचं, आणि यंत्राने मोजत राहायचं. भोंग्याला हे झोपेतून उठवलं तरी पाठ होतं. आदल्या संध्याकाळी जावई एकटाच जेवायला आला, लेक आली नव्हती. जेवता जेवता तो सहज म्हणाला, "उद्या लाइन चालू करतोय. टोक उघडायचं, वास येईपर्यंत सोडायचा. वास आला की बंद. चुटकीसरशी होतं काम."

भोंग्याने हातातला घास ताटात ठेवला. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको त्याच्याकडेच पाहत होती.

"जावईबापू," तो आपल्या त्या मऊ आवाजात म्हणाला, "मी काय म्हणतो, ते टोक छतावर काढलं तर? म्हणजे आपलं सहज विचारतो."

"एवढ्याशा हवेसाठी छतावर कुठे चढायचं, मामा? घरांत, खानावळीत, सगळीकडे असंच करत आलोय. हात बसलाय माझा."

"हो, ते आहेच म्हणा. पण तिथे वाळवणीच्या खोलीत..."

"भात वाढू का आणखी?" बायकोने विचारलं. तिने नवऱ्याला विचारलं होतं आणि नवऱ्याला कळलं होतं. तो गप्प बसला. एका बाजूला भिंतीपलीकडे दिवसभर इस्त्री करणाऱ्या बायका, आणि दुसऱ्या बाजूला लेकीचा संसार. जगात दुसरा कोणताही फिटर असता तर त्याने ताट तसंच सोडून त्याची खरडपट्टी काढली असती. आता तो ताटातला भात इकडचा तिकडे करत बसला आणि मनातल्या मनात चरफडला. उद्या सकाळी स्वतः उभा राहीन, हळूच मॅनेजरच्या तोंडून सांगवीन, म्हणजे शपथही मोडणार नाही आणि कामही नीट होईल, असं त्याने ठरवलं. कसलं हे ठरवणं! पण माणूस अडला की असलंच काहीतरी ठरवतो.

सकाळी तो कारखान्यात पोचला तर मॅनेजरने काम आधीच सुरू करायला लावलं होतं. इस्पितळाच्या चादरी खोळंबल्या होत्या म्हणे. वाळवणीच्या खोलीत शिरताच त्याच्या कानावर आवाज आला. फुस्स्स् असा एकसारखा, सायकलच्या चाकातली हवा जावी तसा, पण न थांबणारा. शेवटच्या ड्रायरमागे पाइपचं टोक उघडं होतं, खोलीतच. त्याच्याभोवती जावई, जावयाचा जोडीदार आणि मॅनेजर असे तिघे उभे राहून हवा हुंगत होते.

"येतोय का?" मॅनेजरने विचारलं.

"अजून नाही," जावई म्हणाला. "नवी लाइन आहे, वेळ लागणारच. मघाशी जरासा आल्यासारखा वाटला, मग गेला."

नव्या लोखंडी पाइपचं हेच असतं. गॅसला कळावा म्हणून जो वास मिसळलेला असतो, तो पाइपच्या आतलं कोरं लोखंड पिऊन टाकतं. गॅस येतो आणि वास येत नाही. आणि जरासा आलाच, तर नाक थोड्या वेळात त्याला सरावतं आणि तोही येईनासा होतो. ही माणसं वासाची वाट बघत होती आणि गॅस केव्हापासून खोलीत भरत होता.

"किती वेळ झाला?" त्याने विचारलं.

"झाला असेल बराच," मॅनेजर म्हणाला. "पण काळजी नको. शटर उघडं ठेवलंय ना."

शटर खरंच उघडं होतं. जमिनीपासून हातभर. आणि वरच्या झडपा, तुळयांच्या रेषेतल्या, दोरी ओढून उघडायच्या, त्या सगळ्या मिटलेल्या. कबुतरं येऊन चादरी घाण करतात म्हणून मिटलेल्या.

"वरच्या झडपा का लावल्यात?"

"वरच्या कशाला लागतात, मामा?" जावई समजूत घालावी तसा म्हणाला. "गॅस खाली बसतो. खालून जातोय सगळा."

आयुष्यभर या पोराने सिलिंडर बघितलेले. सिलिंडरचा गॅस जड, तो खाली बसतो. पाइपलाइनचा हलका, तो वर जातो. वर, म्हणजे मिटलेल्या झडपांपाशी, दिव्यांपाशी, लव बसलेल्या तुळयांपाशी. जावयाने आपल्या परीने सगळी काळजी घेतली होती, फक्त ती दुसऱ्या गॅसची होती. आणि हे काल जेवताना सांगता आलं असतं. भाताऐवजी हे सांगता आलं असतं.

भोंग्याने खिशातून गॅस मोजायचं यंत्र काढलं. तुळयांवरची लव काढायचा लांब बांबू कोपऱ्यात होता, त्याच्या टोकाला ते यंत्र रुमालाने बांधलं आणि बांबू वर केला. गुडघ्याशी यंत्र गप्प होतं. खांद्याच्या वर गेलं तशी त्याची टिकटिक सुरू झाली. तुळईपाशी पोचलं आणि ते किंचाळायलाच लागलं.

मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. "अरे बापरे! पंखा लावा, पंखा! बाहेर काढा तो गॅस!"

भिंतीत वर एक मोठा पंखा होता, खोलीतली गरम हवा बाहेर फेकणारा. जुना, लवेने माखलेला, चालू होताना दर वेळी तडतडून ठिणगी टाकणारा. बरोबर त्याच उंचीवर, जिथे यंत्र किंचाळत होतं. बटण जावयाच्या हाताशी होतं. आणि जावई बिचारा मदतीला सदा पुढे. त्याने हात उचलला.

भोंग्याने बांबू फिरवला आणि सगळ्या ताकदीने जावयाच्या मनगटावर हाणला.

जावई कळवळून खाली बसला. जोडीदार आ वासून बघत राहिला. भोंगा म्हणाला, "कोणी काही लावायचं नाही. कोणी काही बंद करायचं नाही. दिवा, फोन, काही नाही. हात खिशात घाला आणि शटरखालून बाहेर निघा." त्याचा आवाज चढलेला नव्हता. एवढा हळू बोलताना त्याला कारखान्यात कोणी कधी ऐकलंच नव्हतं. त्याने स्वतः लाल दांडी आडवी केली. फुस्स्स् थांबलं. मग त्याने झडपांच्या दोऱ्या एकेक करून ओढल्या. जावयाच्या जोडीदाराला सांगितलं, अंगणापलीकडच्या खोलीत जा आणि सगळ्या कारखान्याची वीज तिथून तोड, इथलं एकही बटण दाबू नकोस. दारातल्या डब्याला लाथ घालून तो इस्त्रीच्या हॉलमधे शिरला. मागे दार मिटलं.

हॉलमधे नेहमीची वाफ, नेहमीच्या गप्पा. तापलेल्या इस्त्र्या ओळीने चाललेल्या.

"बाहेर चला," तो म्हणाला. "इस्त्र्या आहेत तशा राहू द्या. आडव्या नको, उभ्या ठेवा, आणि चला. बटण बंद करू नका."

"आज पुन्हा कवायत?" मागून कोणीतरी कुरकुरलं. "परवाच तर झाली!"

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. तिचीही जीभ शिवशिवली असणार, पण ती काही बोलली नाही. तिने हातातली इस्त्री उभी ठेवली. "चला गं बायांनो. पटापट चला. आज हा ओरडत नाहीये."

बायका निघाल्या. अंगणात पोचेपर्यंत मागे वीज गेली आणि सगळ्या यंत्रांची घरघर एकदम थांबली. भोंगा सगळ्यांच्या मागून बाहेर आला आणि दगडी कट्ट्यावर बसला.

मग काय झालं? काही झालं नाही. तोच तर सगळा वैताग आहे. झडपांमधून गॅस निघून गेला, यंत्र वरपर्यंत फिरवलं तरी गप्प राहिलं, वीज आली, बायका पुन्हा कामाला लागल्या. भिंती होत्या तिथे उभ्या, छत होतं तिथे. स्फोट झाला असता तर भोंग्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं असतं, पण पटून घ्यायला कोणी उरलं नसतं. झाला नाही, त्यामुळे दुपारपर्यंत मॅनेजरच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि रंगाबरोबर तोंडही परत आलं. "चादरींचा केवढा खोळंबा झाला. नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं हो. मारायची काय गरज होती?"

जावई कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं.

"लोकांसमोर मारलंत मला, मामा," तो एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

भोंगा संध्याकाळी घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. बायकोने दार उघडलं, आत गेली, पाण्याचा पेला टेबलावर आपटला आणि पाठ करून बसली. तो सगळं सांगायला गेला. "अगं, पंख्याचं बटण..."

"जावयावर हात टाकलात," ती म्हणाली. "माझी शपथ होती."

"शपथ बोलण्याची होती. बोललो नाही मी."

हे तो विनोदाने म्हणाला नव्हता, पण बायकोला तो विनोद वाटला आणि तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. दोघं दोन खोल्यांत बसले. लेक आता इथे कधी येणार नाही, हे भोंग्याने मनात धरून टाकलं होतं. तिच्या सासरी काय बोलणी चालली असतील, विहीणबाई काय म्हणत असतील, हे तो स्वतःलाच ऐकवत राहिला. इतकं सगळं करून हाती काय आलं, तर लेक गेली. त्याला रडू येत होतं आणि रडता येत नव्हतं, म्हणून तो उशीची खोळ उगाचच नीट करत बसला.

तेवढ्यात लेक आली. दार वाजवलंही नाही, सरळ आत. केस विस्कटलेले, चपला पायातच.

"त्यांचा हात सुजलाय," ती म्हणाली.

"हो. सुजलाय म्हणजे जागेवर आहे," भोंगा म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"ते कळतं मला!" ती अशी ओरडली की आतून तिची आई धावत आली. "ते सांगायला आले का मी? घरी येऊन रागारागाने सांगत होते, मामांनी असं केलं, मामांनी तसं केलं. मी विचारलं, झडपा उघड्या होत्या का? म्हणाले, मिटलेल्या. विचारलं, हात कुठे होता तुमचा? म्हणाले, पंख्याच्या बटणावर. बाबा, मी खालीच बसले. लहानपणापासून या घरात दुसरं ऐकलं काय मी? गॅस सुटला तर बटणाला हात लावायचा नाही. तेवढंच ऐकलं! भांडी घासताना ऐकलं, अभ्यास करताना ऐकलं."

"मग..."

"मग तुम्हाला काल माहीत होतं! काल ते इथे बसून जेवले, काय करणार ते त्यांनी सांगितलं, आणि तुम्ही गप्प बसलात?"

भोंग्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने जमिनीकडे.

"सहज विचारलं होतं मी," तो पुटपुटला.

"सहज! मोज्यांसाठी अख्खा कारखाना डोक्यावर घेता. कोणी चहा केला तर ओरडता. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवून सिगारेट विझवायला लावता, माझी मान खाली जायची बाबा, मैत्रिणींसमोर. आणि माझा नवरा मरायला निघाला तेव्हा तुमचा आवाज गेला कुठे?" ती आता हुंदके देत होती. "सगळ्या जगावर ओरडलात. आमच्यावर का नाही ओरडलात?"

"तुझा संसार मोडेल म्हणून," बायको मधेच म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मीच म्हटलं होतं. मीच गप्प बसवलं त्यांना."

"संसाराला माणूस लागतो ना, आई?"

भोंगा काही म्हणणार तोच लेक दारापर्यंत गेली आणि जिन्यात डोकावली. "या वर. किती वेळ तिथे उभे राहणार?"

जावई वर आला. मनगट छातीशी धरलेलं, चेहरा पडलेला. तो दारातच थांबला. लेकीने त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि बापासमोर उभी राहिली.

"बोला आता यांना."

भोंग्याने घसा साफ केला. "जावईबापू, मी काय म्हणतो..."

"असं नाही. कारखान्यात बोलता तसं."

तो क्षणभर जावयाच्या त्या सुजलेल्या हाताकडे पाहत राहिला. मग त्याच्या छातीत सकाळपासून, खरं तर कालच्या जेवणापासून अडकलेलं सगळं वर आलं. "नाकाने गॅस मोजतोस? नाकाने? अरे गाढवा, कुत्रा आहेस का तू? वर पंखा, वर दिवे, वर सगळी लव, आणि हा म्हणतो गॅस खाली बसतो! भिंतीपलीकडे बायका होत्या! तू होतास! तू नसतास तर हिच्याकडे कुठल्या तोंडाने बघितलं असतं मी?" तो ओरडत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्याच्या लक्षात येत नव्हतं. शेजारच्या घरातला रेडिओ कोणीतरी बंद केला. जावई मान खाली घालून सगळं ऐकत होता. एकदा त्याने नुसतं विचारलं, "मग ती नळी छताच्या किती वर न्यायची, मामा?" आणि त्यावर भोंगा नव्याने भडकला.

बायको दाराला टेकून उभी होती. तिने नवऱ्याला गप्प बसा म्हटलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि जावयाच्या हाताला बांधायला ओलं फडकं घेऊन आली.